पश्चिमेची हद्द

कारंजा लाडच्या स्टँडवर उतरलात की गाडीची वेळ चौकशीच्या खिडकीत कळते. पण महाराष्ट्रात जावं कुठं, पाहावं काय, हे कळायला समोरचा रस्ता ओलांडावा लागतो. तिथं रसवंतीच्या शेजारी बॅगांचं एक दुकान आहे. दारात सुटकेसांची उतरंड, वर टांगलेल्या पिशव्या, आणि त्यांच्या फटीतून दिसणारा, कपाळावर चढवलेला चष्मा टेबलावर शोधणारा एक माणूस. हे कस्तुरचंदकाका. मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहते, शाळेत गणित शिकवते आणि येता-जाता रोज या दुकानावरून जाते. त्यामुळं मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं पाहिलेलं आहे. उरलेलं काकांनी आणि काकूंनी वेगवेगळं सांगितलेलं आहे. दोघांचं जुळतं, हेच त्यातलं वाईट.

काकांकडं आलेलं गिऱ्हाईक बॅग नेतंच, सोबत एक दौराही नेतं. कुठं चालले, हा त्यांचा पहिला प्रश्न. अजून ठरलं नाही, असं कुणी म्हणालं की काका खुर्ची पुढं ओढतात. लोणार वरून पाहून परत फिरू नका, खाली उतरा, पण उन्हं चढायच्या आत. अजिंठ्याला सोमवारी जाऊ नका, बंद असतं. चिखलदऱ्याला पाऊस सरता सरता जा आणि स्वेटर न्या, विदर्भात कसली थंडी असं कुणी म्हणालं तरी न्या. काजवे पाहायचे तर भंडारदऱ्याकडं, पाऊस जोर धरायच्या आधी. पोहरादेवी आपल्या उंबऱ्यात आहे म्हणून सोडू नका. कोकणात रात्रीच्या गाडीनं उतरू नका, घाट झोपेत जातो. आणि समुद्र पाहायचा तर श्रीवर्धन. सुपारीच्या वाड्यांमधून वाट जाते, वाड्या संपतात आणि समोर एकदम पाणी. हे सांगताना काका दोन्ही हात असे उघडत की वारा सुटल्यासारखा समोरच्या बाईचा हात पदर सावरायला जायचा. शेवटी सगळ्यांना एकच नियम. एका खेपेत दोनच ठिकाणं, तिसरं धरलं की तिन्ही सुटतात.

यातलं एकही ठिकाण काकांनी पाहिलेलं नव्हतं. लोणारसुद्धा नाही, जे आमच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे.

हे मला कळलं तेव्हा मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं, लोका सांगे ब्रह्मज्ञान. ते हसले. त्यांची रीत अशी, की ज्याला पाठवलं तो परत आला की त्याला सोडायचं नाही. प्रवासात बॅगेची चेन तुटतेच, चाक निखळतंच. ते दुरुस्त होईपर्यंत माणूस बाकावर बसतो, आणि काका त्याला पिळून घेतात. उतरले कुठं, जेवले काय, वाट कोणत्या अंगानं, पाहिलं ते केवढं होतं. एकाचं ऐकलेलं ते दुसऱ्याला सांगत. सांगून सांगून ते त्यांना स्वतः पाहिल्यासारखं झालं होतं. त्यात लबाडी नव्हती. मी बरेच लबाड पाहिलेत, त्यांचे डोळे असे चमकत नाहीत.

काकू म्हणजे कंचनबाई. माहेर रिसोडचं. बारीक अंगाच्या, बोलणं कमी, ऐकणं फार. दुपारी काकांचा डबा घेऊन दुकानात येत, आणि ते आतल्या बाजूला जेवत तेवढा वेळ गल्ल्यावर बसत. शाळेत असताना महाराष्ट्राचा नकाशा रंगवताना त्यांनी पश्चिमेची निळी पट्टी इतक्या हौसेनं रंगवली होती की रंग ओघळून निम्म्या कोकणात शिरला, आणि बाईंनी हातावर पट्टी मारली. लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी नवऱ्याला हे सांगितलं आणि म्हटलं, तो समुद्र एकदा पाहायचा आहे. काका म्हणाले, पुढच्या वर्षी.

ते पुढचं वर्ष चाळीस वर्षं चाललं. एकदा सासऱ्यांचं दुखणं निघालं. एकदा लग्नसराई, तेव्हा दुकान बंद ठेवून कसं चालेल. मग अर्पितची दहावी, अर्पितची बारावी, अर्पितचं लग्न. मग अर्पितची बायको चंदना बाळंत झाली म्हणून काकू अमरावतीला. खेरीज आपलं खाणं-पिणं सांभाळणारं कोण आहे तिकडं, गाळलेलं पाणी कुठं मिळणार, दिवस मावळायच्या आत जेवण कोण देणार, हे होतंच. आणि हेच काका इतर जैन कुटुंबांना मात्र कोणत्या गावात धर्मशाळा आहे, कुठं सांगितलं तर कांदा-लसणाशिवाय करून देतात, हे बोटावर मोजून सांगत. काकू गल्ल्यावर बसून ते ऐकत. घरात 'पुढच्या वर्षी' ही म्हणच झाली होती. नातवाला सायकल कधी, तर आजोबांच्या पुढच्या वर्षी.

मग व्रत आलं.

कोरोनाच्या आदल्या भाद्रपदातली गोष्ट. एका आर्यिका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, चातुर्मास कारंज्यात होता, आणि दशलक्षणाच्या दहा दिवसांच्या पर्वात काकूंनी दिग्व्रत घ्यायचं ठरवलं. जैन गृहस्थाचं हे व्रत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. माणसानं चारी दिशांना आपल्या जाण्या-येण्याची हद्द स्वतः ठरवायची, मंदिरात सगळ्यांसमोर बोलून दाखवायची, आणि जन्मभर ती ओलांडायची नाही. अमुक नदी, तमुक गाव, अमका डोंगर, अशी नावं घ्यायची. हद्द कमी केलेली चालते, वाढवलेली चालत नाही. घरच्यांनी त्या वेळी समोर उभं राहून हात जोडायचे, म्हणजे त्यांचीही त्याला अनुमोदना.

काकूंनी दुकानात निरोप पाठवला, या. त्याच वेळी रायपूरचं एक कुटुंब काकांसमोर बसलेलं. त्यांची गाडी चुकली होती, हातात चार दिवस होते आणि जायचं कुठं ते कळत नव्हतं. काकांनी त्यांना श्रीवर्धनची वाट सांगितली. वाट लांबची, सांगायला वेळ लागला. ते मंदिरात पोचले तेव्हा लोक चपला शोधत होते. कुणीतरी म्हणालं, काकूंनी दिग्व्रत घेतलं, भाग्यवान आहात. काकांनी हात जोडले. हद्द कुठवर, हे त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

यातली मेख बाहेरच्या माणसाला पटकन कळायची नाही. आमच्या इथल्या जैन घरात एकाच्या नियमात दुसरा बोट घालत नाही. कुणी भाजी सोडली तर का सोडली, कधीपर्यंत, हे खोदून विचारत नाहीत. विचारणं म्हणजे शंका घेणं, मोह घालणं. काकांनी तेच केलं, म्हणजे काहीच केलं नाही. काकू अमरावतीला लेकाकडं जात, तेव्हा हद्द तिथवर असेल असं त्यांनी धरून टाकलं. मी राहायला आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला सांगितलं होतं, हिचं व्रत आहे, हिला कुठं जाता येत नाही. तोंडावर कौतुक होतं. पुढं बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि भिशीच्या, भजनाच्या, बचत गटाच्या बायका घोळक्यानं निघू लागल्या. त्या काकांना वाटा विचारायच्या आणि काकूंना म्हणायच्या, तुम्हीही चला की. काका आतून म्हणायचे, हिचं व्रत आहे. काकू मान खाली घालून कुलपांच्या किल्ल्या जुळवत बसायच्या.

गेल्या दिवाळीनंतर इंझोरीकडच्या तांड्यावरची भुरीबाई दुकानात आली. दर वर्षी ती आणि तिचा नवरा उदयसिंग टोळीबरोबर कामाला जातात, आणि जाताना तिची मोठी पिशवी इथं शिवायला येते. या खेपेला ऊसतोडीला न जाता कोकणात रस्त्याच्या कामावर चाललो, असं ती म्हणाली. काका जेवत होते. काकू गल्ल्यावर होत्या. त्यांनी भुरीबाईला सांगितलं, तिथं समुद्र दिसला तर नीट पाहून ये आणि मला सांग.

होळीला टोळी परतली. भुरीबाई सरळ दुकानात आली आणि पदराखालून पाण्याची एक प्लास्टिकची बाटली काढून तिनं काकूंच्या हातात दिली. मी शाळेतून येऊन तिथंच उभी होते. बाटलीत गढूळ पाणी होतं, तळाला बोटभर वाळू.

"सांगता येत नाही शेटानी," भुरीबाई म्हणाली. "म्हून मंग आनलाच."

काकूंनी बाटली उजेडाकडं धरली. त्यांचा चेहरा असा फुलला की मला त्यांचं शाळेतलं वय दिसलं. आणि मग तो हळूहळू उतरला. भुरीबाई गेल्यावर त्यांनी बाटली पदरात गुंडाळली आणि घरी निघाल्या, डबा विसरून.

दोन दिवसांनी त्यांनी वर पाठवलेली आमटी अळणी लागली. विसरल्या असतील म्हणून मी मीठ घालून खाल्ली. तिसऱ्या दिवशी मी खाली गेले तर त्यांनी माझी आमटी वेगळी काढून ठेवलेली, मिठाची, आणि स्वतःची वेगळी. त्यांनी मीठ सोडलं होतं. मी गणिताची बाई आहे, कारण विचारल्याशिवाय मला राहवत नाही, आणि मी जैनही नाही. मी विचारलं.

त्यांनी खिडकीतली बाटली दाखवली. त्यांच्या घरात पाणी गाळून घेतात हे मला ठाऊक होतंच. पण गाळल्यावर फडक्यात जे बारीक जीव राहतात ते फेकत नाहीत. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ते अलगद परत सोडतात, त्याला जीवानी म्हणतात. विहिरीचं विहिरीला, नदीचं नदीला. आता हे पाणी समुद्राचं. यातले जीव माझ्या हौसेपायी घरातून उठून कारंज्याला आले, काकू म्हणाल्या, मी मागितलं नसतं तर ती बाई कशाला आणती. ते जोवर परत जात नाहीत तोवर मी मीठ खाणार नाही. मी त्यांना विज्ञान सांगायला गेले, की इतके दिवस त्या बाटलीत काही जगत नसतं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मेले असतील तं घरी जाऊन मेलेले बरे," त्या म्हणाल्या.

मला चीडच आली. साठी उलटलेली बाई उन्हाळ्याच्या तोंडाशी अळणी जेवते, कशासाठी, तर एका बाटलीसाठी. मी तशीच दुकानात गेले आणि काकांना सगळं सांगितलं. त्यांच्या ताटात रोज मीठ येत होतं, त्यामुळं त्यांना पत्ताच नव्हता. ते खजील झाले, पण लगेच त्यांचे डोळे चमकले. हा तर त्यांचाच प्रांत. कारंज्यातून समुद्राकडं कोण कधी जातं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक कुटुंब गाठलं. रामराव म्हणून कारंज्यातलेच निवृत्त तलाठी, सहकुटुंब श्रीवर्धनला निघालेले, अर्थात काकांच्याच सांगण्यावरून. बाटली नेऊन समुद्रात ओतायला ते आनंदानं तयार झाले.

काका त्या संध्याकाळी लवकर घरी आले. मी दही लावायला विरजण मागायला खाली गेले होते. काकू पाटावर बसून तूर निवडत होत्या. काकांनी उभ्या उभ्याच सांगितलं, तुझं काम झालं, उद्या बाटली रामरावांकडं द्यायची, परवा तुझे जीव घरी, परवापासून मीठ खा.

काकू म्हणाल्या, दुसऱ्याच्या हातून कसं होईल. ते नीट पाण्यापाशी वाकून सोडतील की वरूनच भिरकावतील.

"आता तुले तं जाता येत नाही," काका म्हणाले. "तुहं व्रत हाये."

काकूंचा हात सुपात थांबला. त्यांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"कोन म्हन्ते जाता येत नाही? पश्चिमेले समुद्रापर्यंत हाये माही हद्द. समुद्र वलांडायचा नाही, एवढंच."

मी विरजणाची वाटी घेऊन दारात, ना आत ना बाहेर.

"मंग तू बोलली काहून नाही? सहा वर्सं झाली."

"तुमी इचारलंच नाही," काकू म्हणाल्या, आणि परत तूर निवडू लागल्या.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाला काहीतरी उत्तर देता येतं. काका पलंगाच्या कडेवर बसले, आणि चष्मा कपाळावर असताना खिशात शोधू लागले. मी वर निघून आले.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला दुकानात हाक मारली. गिऱ्हाईक नव्हतं. हातात एक तुटकी चेन घेऊन ते तिच्याशी चाळा करत होते. मी चिडलेलीच होते. दोघांवरही, कारण सहा वर्षं तोंड मिटून बसणाऱ्या काकूंचा हट्टही मला काही कमी वाटत नव्हता. मी तसं म्हटलं. काकांनी मान हलवली. तिचा हट्ट नाही, ते म्हणाले. तिनं जन्माचं व्रत घेतानाही माझ्यासाठी जागा ठेवली. मंदिरातल्या पन्नास माणसांना माहीत होतं, मला सोडून. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना.

"मॅडम, त्या दिवशी मंदिरात कोनं सांगितलं का हिनं व्रत घेतलं, तवा मले पयले काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. बापा, आता कोठी न्याव लागत नाही. म्हून नाही इचारलं. नियमाले हात लावू नये, हे मंग सुचलं."

नंतर ते रायपूरच्या त्या कुटुंबाबद्दल बोलले. परत जाताना ती माणसं मुद्दाम कारंज्याला उतरली होती. त्यांनी काकांना पेढे दिले आणि म्हणाली, आमच्या आईनं जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला, तुमच्यामुळं. तो पेढ्यांचा पुडा काकांनी घरी नेऊन काकूंच्याच हातात दिला होता. काकूंनी विचारलं होतं, कशाचे. त्यांनी सांगितलंही होतं. हे आठवून काका इतके कसनुसे झाले की त्यांनी ती चेन ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर बंद केला आणि मग परत उघडला.

चैत्रात दुकानाला कुलूप लागलं. जन्मभर सगळ्या महाराष्ट्राला वाटा सांगणारा माणूस स्वतः निघताना पार गांगरला होता. मूर्तिजापूरहून रेल्वे, पनवेलला उतरायचं, पुढं एसटी, हे शेकडो लोकांना तोंडपाठ सांगितलेलं. पण फलाटावर डबा कुठं लागतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. काकूंनी दशम्या, खाकरे आणि मेतकुटाचा डबा घेतला, गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या घेतल्या, आणि समुद्राची बाटली वेगळ्या पिशवीत, मांडीवर. रेल्वेत कुणी ती चुकून प्यायला मागू नये म्हणून वर लाल दोरा बांधला होता.

श्रीवर्धनला सुपारीच्या वाड्यांमधून वाट जाते, वाड्या संपतात, आणि समोर पाणी येतं. काका जे सांगत आले ते तसंच निघालं. फक्त काकूंचे गुडघे वाळूत चालेनात. त्या काकांचा खांदा धरून, थांबत थांबत, ओल्या वाळूपर्यंत गेल्या. तिथं वाकल्या, बाटली आडवी धरली, आणि लाट आली तेव्हा पाणी अलगद सोडलं. भुरीबाईनं आणलेली बोटभर वाळूही सोडली. बाटली मात्र परत पिशवीत ठेवली, तिथं टाकली नाही. मग त्या सरळ उभ्या राहिल्या आणि पाहू लागल्या. काका समुद्राकडं पाहत नव्हते, त्यांच्याकडं पाहत होते.

काकू म्हणाल्या, "याचा आवाज केवढा हाये. आवाजाचं तुमी कवा सांगितलं नाही."

"मले ठाऊक नव्हतं," काका म्हणाले.

हे दोघांनीही मला सांगितलं, वेगवेगळं. काकू सांगताना हसल्या. काका हसले नाहीत. इतकी वर्षं लोक येऊन सांगत होते पाणी केवढं, वाळू कशी, नारळ कितीला. आवाजाचं कुणी बोललं नाही, आणि मी तेवढ्यावरच सांगत गेलो, असं ते म्हणाले. त्या संध्याकाळी दिवस मावळायच्या आत दोघांनी किनाऱ्यालगतच्या एका ओट्यावर बसून जेवून घेतलं, आणि काकूंनी मीठ खाल्लं. काकांना दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरला न्यायचं होतं, त्याच्या पुढं रायगड. नियमानं दोनच ठिकाणं, पण आज तिसरंही चालेल, असं म्हणाले. काकू म्हणाल्या, पाण्याचं काम झालं, आता घरी.

परत आल्यापासून काका बदलले. म्हणजे चांगलेच झाले, पण बघवेना. रोज एक नवा बेत. वैशाखात चिखलदरा, तो काकूंना ताप आला म्हणून राहिला. पावसाळ्यात ताम्हिणी, तर गुडघे. दिवाळीत अजिंठा, आणि लोणार तर कधीही, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. दुपारी काकू डबा घेऊन आल्या की ते त्यांना गल्ल्यावर बसू देत नसत. गिऱ्हाईकाला सोडून त्यांच्याशी बोलत. हद्द मोठी आहे, हे कळल्यापासून त्यांना ती सगळी भरून काढायची होती. इतकी वर्षं चुकलेला हप्ता माणूस एका दमात फेडू पाहतो, तसं. काकू ऐकून घेत. एकदा मला म्हणाल्या, यांना आता मी नाही दिसत, यांचा अपराध दिसतो. मी म्हटलं, मग सांगा तसं त्यांना. त्या म्हणाल्या, सांगीन.

यंदाच्या दशलक्षणात त्यांनी परत व्रत घ्यायचं ठरवलं. हद्द कमी करायची. हे त्यांनी काकांना आदल्या दिवशी स्वतः सांगितलं. काकांचा चेहरा उतरला, पण नियमात बोट घालायचं नसतं. त्या सकाळी दुकानासमोर नांदेडकडची एक मोठी मंडळी उभी होती, तीन बॅगा तुटलेल्या, आणि आता कुठं जावं, असं त्यांचं चाललेलं. काकांनी हात जोडले, म्हणाले, दोन तास थांबा, आणि कुलूप लावलं. सगळ्यांच्या आधी येऊन मंदिरात पहिल्या रांगेत उभे राहिले. मी मागं खांबापाशी होते.

काकू उभ्या राहिल्या. पंडितजींनी विचारलं तशी त्या एकेक दिशा सांगत गेल्या. उत्तरेला लेकाचं अमरावती. माहेरचं रिसोड, म्हणजे दक्षिणेला तेवढं आलं. पूर्वेला यवतमाळ, तिथं बहीण दिली आहे. मग पश्चिम राहिली. समुद्र गेला हे सगळ्यांना कळत होतं. लोणार तरी राहील, असं काकांना वाटत होतं. त्यांचे ओठ हलताना मला दिसले.

"पश्चिमेले ह्याईचं दुकान," काकू म्हणाल्या.

बायका हसल्या. पंडितजीही हसले, आणि त्यांनी नवऱ्याची अनुमोदना विचारली. काकांनी हात जोडले. जोडलेले हात बराच वेळ खाली आले नाहीत.

लोक पांगल्यावर ते काकूंची चप्पल घेऊन पायरीवर बसले. काकू हळूहळू उतरून आल्या. या वेळी काकांनी विचारलं. पश्चिमेला एवढं जवळ का, आपल्याला लोणारला जायचं होतं ना. काकूंनी चप्पल घातली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पट्टा नीट केला.

"त्याच्या पुढं मी तुमची वाट पाह्यली. सहा वर्सं हद्द उघडी ठेवली, तुमी आले नाही. एक खेप आले ते बाटलीसाठी आले. आता दुकानापर्यंत मी येत जाईन, डबा घेऊन. तिथून पुढं वाट पाहनं नाही होत."

तेवढं बोलून त्या माझा हात धरून घराकडं वळल्या. काका दुकानाकडं गेले. नांदेडची मंडळी रसवंतीत बसून होती. काकांनी कुलूप काढलं, एकेक बॅग घेतली, चेना बसवून दिल्या. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, काका, आता तुम्हीच सांगा, जावं कुठं. काकांनी चष्मा खाली ओढला, आणि त्यांच्या मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईकडं पाहून तिला विचारलं, तुमाले काय पाह्यचं हाये. ती बाई गोंधळली. मला काय, पोरं नेतील तिकडं, ती म्हणाली. काकांनी तिला बाकावर बसायला सांगितलं आणि परत विचारलं.

मी शाळेत जाताना हे पाहिलं. संध्याकाळी येताना ती मंडळी गेलेली होती. काका एकटेच बसले होते, आणि पुढ्यात काकूंनी दुपारी आणून दिलेला डबा तसाच होता, न उघडलेला.